गौहरबीचा डिंक

मार्गशीर्ष शुद्ध ५, मंगळवार

ही वही माझी नव्हं. आवडाकाकूच्या जावयानं कचेरीतून आणलेली. पुठ्ठ्यावर फसली साल १३४० छापलंय आन खाली उर्दूत कायतरी. काकूची कौतिका पहिल्या बाळंतपणाला आलीय, तिनं माझ्या हातात दिली. म्हणाली, "सारजाक्का, दुकानांचे भाव ह्याच्यात लिहा. तोंडी सांगितलं का आई विसरती, आन मग खापर तुमच्यावर फोडती."

बापानं मला दोन पुस्तकं शिकवली. तिसरं आलंच नाय. लिहिता येतं, पण हात लवकर दुखतो आन डोकं त्याच्याआधी.

तर काम असं. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांनी ठरवलंय, वर्षाचा सुका मेवा, मसाला आन बाळंतिणीचं सामान एकाच दुकानातून भरायचं. एकदम घेतलं का भाव उतरतो. पण दुकान कंचं, ह्याच्यावर चार दिस नुसता गलका. शेवटाला काकू म्हणाली, "सारजाला पाठवा. ती कुणाच्या बापाला भीत नाय. ती सांगंल ते आपण ऐकू." वीस वर्षं ह्याच घरांचे डिंकाचे लाडू मी वळते, काळा मसाला मी कुटते. मला नाय विचारायचं तर कुणाला?

तीन दुकानं बघायची. हरेक ठिकाणी भाव, माल आन काय काय मिळतं ते बघायचं. पावशेर डिंक तिन्हीकडून आणायचा आन बायांसमोर तळायचा. बाकी मालात लबाडी लपती. डिंक तुपात टाकला का फुलतो, नायतर नाय फुलत.

घरी मालकांना सांगितलं. मालक मोंढ्यात तोलार हैत, दिवसभर काट्यावर दुसऱ्याचा माल तोलतात. म्हणाले, "तिन्ही पारडी सारखी धर म्हणजे झालं." म्हणलं, मला नका शिकवू.

शुद्ध ६, बुधवार

गुलमंडीवर बद्रीनाथचं दुकान. दुकान कसलं, दरबारच. मी पायरीवर पाय ठेवला तर हा माणूस गादीवरून उठला. "या बाईसाहेब, या. अरे, बाईसाहेबांना बसायला टाका." मला जन्मात कुणी बाईसाहेब म्हणलं नव्हतं. बसायला तक्क्या दिला. वेलदोडा दिला, सोललेला.

तिथं नाय असं काय नाय. काजू, पिस्ते, तीन जातीच्या खारका, दोन जातीचं केशर, गोडंबी, चारोळी, हिंगाचे खडे. डिंक बारा आणे शेर, हाली नाण्यात. लई झाला. जायफळाला सुई टोचून पाहिली तर तेल आलं नाय. सुंठ पांढरीफेक, चुन्यात घोळलेली, बोटाला लागली. पण दुकान स्वच्छ हाय आन माणसाला बोलायची रीत हाय. उतरायच्या वेळी पायऱ्यांपर्यंत आला.

दुकान चांगलं वाटलं.

शुद्ध ७, गुरुवार

सिटी चौकात कमरोद्दीन अत्ताराचं. भिंतभर लाकडी खण, वरच्यासाठी शिडी. ज्याची नावं मला ठाऊक नाय असल्या मुळ्या हैत तिथं. माल लई चांगला. डिंक दहा आणे. पण म्हातारा हकिमांच्या चिठ्ठ्या आधी काढतो, गडीमाणसांना आधी देतो, आन मी मोरीच्या काठाला उभी. तासभर! बोलले तर चष्म्यावरून बघून म्हणतो, "बाई, दवा आधी, लड्डू नंतर." बरं म्हणलं.

पुडी घेतली आन आले. ह्याला लांबूनच नमस्कार.

दोन्हीकडचा डिंक वर माळवदावर टाकलाय. कापडावर शेवया वाळत होत्या, त्याच्याच कडंला.

शुद्ध ९, शनिवार

काल दुपारधरनं आभाळ आलंय. आवेळी. शेवया आन डिंक आत घेतले.

आज सांजच्याला जुन्या बाजारात गेले, गौहरबीकडं. ही विधवा हाय. नवरा अत्तार व्हता, मागच्या पावसाळ्यात गेला. गाळा मोडला, आन हिनं घराच्या ओसरीवर डबे मांडले. म्होरं बांबूच्या चिकाचा पडदा. ती पडद्याआड बसती, बाया आत जाऊन घेतात. गड्यांना ती माल देत नाय, त्यांनी घरच्या बाईला पाठवावं नायतर दारात लहान लेकराला हाक मारावी.

चाळीस डबे मोजले. काजू नाय, केशर नाय, पिस्ता नाय. पण जे हाय ते हातानं निवडलेलं. ओव्यात काडी नाय. जायफळाला सुई टोचली, सुईला तेल. सुंठीचा तुकडा चावला तर डोळ्याला पाणी आलं. डिंक नऊ आणे. पुडीला लाल दोरा बांधती, पेढेवाल्यासारखा.

सगळं बरं चाललं व्हतं. पुडी देताना म्हणती कशी, "अक्का, दो दिन से ढग है. डिंक नरम पडला. एक धूप दिखाव, फिर तळो. आन मोठी ढेकळं जरा फोडून घ्या."

मला सांगती! वीस वर्षं डिंक तळते मी. ही काल दुकानात बसली. म्हणलं, "माझे लाडू खाल्ले नाय वाटतं तुम्ही." तर हसली. "हौ अक्का, तुम्हाला कायकू सांगायचं. आदत हो गई. सगळ्यांना सांगते."

सगळ्यांना. म्हणजे मी सगळ्यांतली.

पुडी आणली ती माठाशेजारच्या फळीवर टाकली. उद्या दुपारी तळायचंय.

शुद्ध १०, रविवार

निकाल लागला.

काकूच्या सोप्यात अकराच्या अकरा बाया. मधी चूल, कढईत तूप. आभाळ तसंच. बद्रीनाथचा डिंक टाकला, फुलला. कमरोद्दीनचा टाकला, फुलला. मग गौहरबीची पुडी सोडली. खडे एकमेकांना चिकटले व्हते. उशीर झालेला, बाया जांभया देत व्हत्या, तसंच ढेकूळ सोडलं. वरून जरा तांबूस झालं, आत दगड.

आवडाकाकूला थांबवत नाय. "बघू बघू" म्हणत तुकडा तोंडात टाकला. चावला, आन तोंड वाकडं केलं. मग बोट घालून बाहेर काढला तर डिंकात तिचा म्होरला दात.

दात हलतच व्हता, दिवाळीपासून. पण कोण ऐकतंय! कौतिका हसायला लागली, तर काकू बोळक्या तोंडानं तिच्यावर खेकसली. एक म्हणती मीठ-पाणी आणा, दुसरी म्हणती दात माळवदावर फेका. तेवढ्यात सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणलं, "हा धावड्याचा डिंकच नव्हं. बाभळीचा कचरा हाय, रंग देऊन विकती. नऊ आण्याला कोण देतंय खरा माल? विधवा म्हणून बाया दया करतात आन ही दात पाडती."

सगळ्या हसल्या. काकूसुदीक.

बद्रीनाथचं नक्की झालं.

शुद्ध १२, मंगळवार

गल्लीतून जाताना बाया मला थांबवून इचारतात. रंगार गल्लीतून एक आली, म्हणाली, ते दाताचं खरं का? सगळं सांगितलं तिला. आमच्या भिंतीपल्याडची गौहरबीकडून ओवा आणायची, तिनं ओवा उकिरड्यावर टाकला.

बद्रीनाथच्या माणसानं शेरभर मनुका आणून दिल्या. अकरा घरं आणली म्हणून. मी मागितल्या नव्हत्या. परत तर कशा करणार, माणूस निघून गेला व्हता.

मालक आज जुन्या बाजाराकडून आले. मोंढ्यातून घरी यायला ती वाट लांब पडती. इचारलं तर म्हणाले, पाय मोकळे केले. दिवसभर उभा राहणारा माणूस पाय कशाला मोकळे करंल?

पौर्णिमा, शुक्रवार

हे लिहू का नको असं सकाळधरनं चाललंय. ही वही भावांसाठी व्हती, भाव तर कवाच संपले. पण कुणाला सांगू, म्हणून इथं लिहिते.

तीन दिस कडक ऊन पडलं. बुधवारी फळी झाडताना गौहरबीचा उरलेला डिंक सापडला, मूठभर. फेकायला निघाले, पण वस्तू फेकवत नाय म्हणून माळवदावर सुपात टाकला. आज घरात खायला लाडू करावेत म्हणलं. मालकांची कंबर धरती थंडीत. तूप तापवलं. त्यातला एक खडा टाकला.

फुलला. ज्वारीच्या लाहीएवढा. पांढरा, हलका. बोटानं दाबला तर भुगा. बद्रीनाथचा कधी असा फुलला नव्हता. दुसरा टाकला, तिसरा टाकला. सगळे तसेच.

मी चुलीपुढं बसूनच राहिले.

मालक यायची वेळ झाली व्हती. ताटलीत तो सगळा डिंक. तो त्यांनी बघितला असता तर काय सांगितलं असतं? मी खाल्ला. उभ्यानं, मुठीमुठीनं, सगळा. शेवटचे चार तर पाण्याबरोबर ढकलले.

मालक आले. "तुपाचा वास येतोय. काय तळलंस?"

"काय नाय."

त्यांनी कढईकडं बघितलं आन पाय धुवायला गेले.

वद्य १, शनिवार

पोट दगडासारखं झालंय. मालकांनी ओवा आणून दिला. पुडीला लाल दोरा. कुठून आणला इचारायचं त्राण नव्हतं. ओवा चांगला हाय.

वद्य ४, मंगळवार

आज उठून बसले आन सरळ जुन्या बाजारात गेले. ठरवून गेले का पडदा बाजूला सारायचा आन बोलायचं. मी कधी बोलायला घाबरले नाय.

डबे वीसबावीस राहिले व्हते. बाकीचे उपडे घालून ठेवलेले. माल आणायला आता कुणी उधारी देत नाय, म्हणाली. आठ-नऊ दिसांत तीन बाया आल्या, त्यातली एक पाणी प्यायला.

गौहरबी म्हणाली, "बैठो अक्का." मी बसले. आन मी तोंड उघडायच्या आधी तिनं उघडलं.

"अक्का, कुणीतरी बोल्या की मैं मिलावट करती. मेरे मियाँ चालीस बरस हेच काम केले, एक बोट कुणी दाखवलं नाय. तुमची जबान लई तेज, सगळ्या बाया तुमचं ऐकतात. तुम्ही एकदा त्यांना सांगा ना. एक लफ्ज. येत्या इतवारला माझा दीर गंगापूरहून गाडी घेऊन येतोय. सांगतो, भाभी, दुकान चालत नाय, चला घरी. त्याचं चुकत नाय. पण तिथं गेले का मी जावेच्या चुलीपुढं. ह्या वयात मीठ घालायचं तरी दुसऱ्याला इचारून."

मी काय म्हणलं? मी म्हणलं, "सांगते की."

मग पावशेर डिंक घेतला, आन अर्धा शेर सुंठ. सुंठ का घेतली ते मला ठाऊक नाय. घरात आधीच तीन पुड्या हैत, मालकांना मधीच सुंठीचं काय वेड लागलंय.

वद्य ५, बुधवार

आवडाकाकूकडं गेले. कौतिकाच्या पायावर सूज आलीय, काकू त्या घोरात. म्हणलं, आज नको, पोरीचं दुखतंय.

खरं लिहायचं तर कौतिका अंगणात बसून बोरं खात व्हती.

वद्य ७, शुक्रवार

परत गेले. जावई सुट्टीचा आलेला, गडीमाणसापुढं कसं बोलावं?

तो माडीवर झोपला व्हता.

मी लोकांना भित्री म्हणते. भिंतीपल्याडच्या बाईला मागच्या साली म्हणलं व्हतं, नवऱ्यापुढं बोलायची छाती नाय म्हणून. ती रडली व्हती. मी म्हणलं, रडून काय व्हतं.

वद्य ८, शनिवार

झालं. आजचं आजच लिहिते.

काकूकडं कौतिकाचे लाडू वळायचे व्हते. बद्रीनाथचा माल आलाय, सगळ्यांच्या घरी पोतीच्या पोती भरल्यात. सहा-सात बाया जमल्या. मी मंगळवारी आणलेला गौहरबीचा डिंक घेऊन गेले, दोन दिस ऊन दाखवलेला. काय न बोलता कढईत टाकला. फुलला. बाया म्हणाल्या, अगं बाई, बघा बद्रीनाथचा माल.

मी म्हणलं, "हा बद्रीनाथचा नव्हं. गौहरबीचा हाय."

एकीनं कढईत वाकून बघितलं.

"त्या दिवशी आभाळ व्हतं. तिनं मला सांगितलं व्हतं, ऊन दाखवा, ढेकूळ फोडा. मी दाखवलं नाय. फोडलं नाय. वर पुडी माठाशेजारी ठेवली. तिचा डिंक खोटा नव्हता. मी खोटं बोलले."

मला वाटलं व्हतं, एवढं बोलले का छाती हलकी व्हईल. आन बाया म्हणतील, जाऊ दे सारजा, व्हतं असं.

आवडाकाकूनं लाडू ताटात ठेवला, पडलेल्या दाताच्या फटीतून बोबडं बोलली. "सारजा, म्हंजे माझा दात तू पालला."

"दात हलत व्हता काकू."

"हलत व्हता, पलला नव्हता!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग कोपऱ्यातून आवाज आला, "मनुका कशा व्हत्या गं सारजाबाई?"

म्हणलं, "त्या नंतर दिल्या. मी मागितल्या नव्हत्या."

"पण खाल्ल्या ना?"

खाल्ल्या व्हत्या.

मग एकेकीनं मोजायला सुरुवात केली. बद्रीनाथची सुंठ चुन्याची निघाली तेव्हा सारजा का बोलली नाय? जायफळ पोचट निघालं तेव्हा? मी म्हणलं, हे मी वहीत लिहिलंय. वाचून दाखव म्हणाल्या. पदराखालून वही काढली, वाचलं. सुई टोचून पाहिली तर तेल आलं नाय. बोटाला चुना लागला. आन त्याच्याखाली माझ्याच अक्षरात, दुकान चांगलं वाटलं. वाचताना माझं मलाच कळंना का असं का लिहिलं. माणूस पायऱ्यांपर्यंत आला व्हता, एवढंच आठवत व्हतं.

कौतिका म्हणाली, "आई, आपण गौहरबीकडून घेऊ ना मग."

काकू म्हणाली, "आता काय घेतेस? वर्साचं भरलं घरात. पोतं परत घेतो का तो?" मग माझ्याकडं न बघता, "राहिलेले लाडू आम्ही वळू. तू जा घरी."

वीस वर्षांत त्या घरातून मी लाडू अर्धे टाकून आले नव्हते.

मालक घरी व्हते. सगळं तोंडावर लिहिलेलं असंल माझ्या, तरी त्यांनी काय इचारलं नाय. बरं झालं. ह्यांना ह्यातलं कायच ठाऊक नाय, तेवढं तरी झाकलेलं हाय.

वद्य ९, रविवार

सकाळीच गेले. दारात बैलगाडी. बैलं सोडलेली, आन शौकत, गौहरबीचा दीर, चाकाला टेकून भाकर खातोय. गाडीत कापसाची भरलेली पोती, बाजूला जागा केलेली. डब्यांसाठी.

मी आत जाऊन उभी राहिले. बसले नाय. म्हणलं, "गौहरबी, ते मी बोलले व्हते. मिलावटीचं. दुसरं कुणी नाय."

ती डबा पुशीत व्हती. पुशीतच राहिली.

"मालूम है अक्का. त्याच रोज सांजेला तुमच्या गल्लीतली बाई येऊन सांगून गेली. नाव के साथ."

"मग मंगळवारी मला का म्हणला, तुम्ही सांगा म्हणून?"

"तो किसकू बोलती? दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं त्यांनी?"

मला वाटलं ती रडंल, नायतर शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला शिव्यांचं उत्तर देता येतं. ती नुसती डबा पुशीत व्हती.

म्हणलं, "काल सगळ्यांना सांगितलं. पण त्यांचं सामान भरून झालंय. आता वर्षभर त्या काय घेत नाय."

"बराबर. उशीर केला तुम्ही."

तेवढ्यात बाहेरून शौकत, "भाभी, डबे बाहेर काढू का? मला मोंढ्यात कापूस घालायचाय. भाव पडलेत, आज नाय झालं तर बुधवारच्या लिलावापर्यंत इथंच अडकतो मी."

गौहरबी पडद्याजवळ गेली. "बुधवारपर्यंत अडक मग."

"आँ?"

"कापूस घाल. बुधवारी ये. तोवर डबे इथंच राहतील."

मग माझ्याकडं वळली. "अक्का, ह्या शहरात घरं काय तेवढी अकराच हैत का? मी बाहेर पडत नाय. तुम्ही पडता. टोपलं मी भरून देते."

मी म्हणलं, "दारोदार?"

"हौ. दारोदार."

"आन कुणी इचारलं, ही तीच मिलावटवाली का, तर?"

"तो फिर खरं सांगा. मिलावटीची गोष्ट जिथवर गेली तिथवर तुम्हीच नेली ना?"

शौकत चाकाशी हसला. "भाभी, ही बाई नाय जायची." मला म्हणाला, "जाता का, अक्का?"

मी टोपलं उचललं. त्याला दाखवायला उचललं, हे पण लिहिते.

वद्य १०, सोमवार

रंगार गल्ली. नऊ दारं.

पहिल्या दारात म्हणलं, गौहरबीचा डिंक हाय, सुंठ हाय, जायफळ हाय. बाई म्हणाली, दात पाडणारी? म्हणलं, डिंक चांगला व्हता, चूक माझी व्हती. ती म्हणाली, "थांबा थांबा." आत गेली, सासूला घेऊन आली. "आता सांगा." मी पुन्हा सांगितलं. सासूला ऐकू कमी येतं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. समोरच्या घरची खिडकी उघडली.

म्हातारी म्हणाली, "म्हंजी डिंक खरा आन बाई खोटी."

"व्हय."

पावशेर घेतला.

चौथ्या दारात दार लावून घेतलं. सहाव्या दारात ती बाई, जी दाताचं इचारायला आली व्हती आन जिला मी सगळं रंगवून सांगितलं व्हतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं! म्हणाली, "तवा तर लई छातीठोक बोलत व्हतात." अर्धा शेर सुंठ घेतली आन भाव पण केला नाय. त्याचा जास्त त्रास झाला.

तळलेला डिंक वाटीत नेते, हातावर देते. चुरून बघा म्हणते. आन हरेक दारात सांगते, ऊन दाखवा, ढेकूळ फोडा. माझ्या तोंडून तेच शब्द निघतात, आन कुणाला राग येत नाय. बाया "बरं अक्का" म्हणतात. मला का राग आला व्हता मग?

वद्य ११, मंगळवार

शहागंज, मग सराफा. सतरा दारं. मला वाटलं व्हतं, सांगून सांगून तोंडाला सवय व्हईल, मग लाज वाटणार नाय. तसं व्हत नाय. दार उघडायच्या आधी हरेक वेळी वाटतं, मागं फिरावं. उलट आता बायाच आधी म्हणतात, "तुम्हीच का त्या सारजाबाई? या, या. सांगा." पाट देतात. एका घरात तर शेजारणींना बोलावणं गेलं. मी डिंक विकते का तमाशा करते तेच कळंना.

पण टोपलं रिकामं झालं. दोनदा.

मालक रात्री म्हणाले, "तुझ्या पायाला तेल लावून देऊ?" आजवर कधी म्हणले नव्हते. थंडीनं माणूस मऊ पडतो वाटतं.

वद्य १२, बुधवार

शौकत दुपारी गाडी घेऊन आला. पडद्याबाहेरून म्हणाला, "भाभी, द्या डबे." मीच एक एक दारात आणून ठेवला. त्यानं पहिला उचलला, हलवला. दुसरा हलवला. सगळे हलवले.

"भाभी, हे तर रिकामे हैत."

आतून गौहरबी म्हणाली, "हौ. बिक गया."

"सगळं?"

"ओवा आहे थोडा. शौकत, पुढच्या खेपेला येताना कन्नड गावच्या व्यापाऱ्याकडून दहा शेर डिंक आण. धावड्याचा, निवडून. आन बडीशेप. पैसे रोख देते. मला नेऊन काय करतोस, घरात आधीच माणसं कमी हैत का?"

शौकतनं शेवटचा डबा पुन्हा हलवून बघितला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ही एवढं विकली?"

"ती नाय, तिचं तोंड," गौहरबी म्हणाली. हसून नाय म्हणाली. माझ्याशी ती अजून हसलेली नाय. पहिल्या दिवशी हसली व्हती तशी.

शौकत महिनाभराची मुदत देऊन रिकामी गाडी घेऊन गेला. महिन्यानं बघू म्हणाला. म्हणजे मिटलं असं नाय.

मी निघाले तर तिनं थांबवलं. रंगार गल्ली झाली, शहागंज झालं, सराफा झाला, तिकडच्या बाया आता आपणहून येतील, म्हणाली. माल आला का नवीन वस्तीत जावं लागंल. पैठण गेटच्या बाहेर.

म्हणलं, जाते. इकडच्या सगळ्यांना आता माझी गोष्ट ठाऊक हाय, दार उघडलं का अर्धं काम झालेलं असतं. पैठण गेटकडं मला कुणी ओळखत नाय.

तिथं पहिल्यापासून सांगावं लागंल.